कुठला सान्तियागो? स्पॅनिश मुलखातली संतनावं सोडवायची रीत

सान होसे ही कोस्टा रिकाची राजधानी. ती ज्या प्रांतात येते त्याचं नाव सान होसे, आणि तालुक्याचंही तेच. कोलंबियातल्या कुकुता शहराचं पूर्ण नाव सान होसे दे कुकुता. मेक्सिकोत सान होसे देल काबो, उरुग्वेत सान होसे दे मायो, बोलिव्हियात सान होसे दे चिकितोस, कॅलिफोर्नियात १७७७ साली वसवलेलं आणखी एक. २०१० साली चिलीत ३३ खाणकामगार ६९ दिवस जमिनीखाली अडकले, ती खाण सान होसे. १७०८ साली कार्ताहेनाजवळ सोन्यानाण्यांसकट बुडालेलं गलबत, तेही सान होसे.

बातमी भाषांतरित करताना, नकाशा लावताना, जुना दस्तऐवज वाचताना, नाहीतर साधं विमानाचं तिकीट काढताना हा गुंता समोर येतोच. तो सोडवताना बहुतेक जण संताच्या नावापाशी अडकून बसतात. तिथे हाताला काही लागत नाही. नावाचं शेपूट, त्याच्या आजूबाजूचे चार शब्द आणि तिथल्या माणसांना काय म्हणतात, या तीन गोष्टी बघितल्या की दहातली नऊ नावं सुटतात.

आधी हे बघा: संत आहे तरी का?

‘सान’ म्हणजे इथे लहान नव्हे. ‘सान्तो’ या शब्दाचं ते आखूड रूप, पुरुष संताच्या नावाआधी लागणारं. स्त्री संत असेल तर ‘सान्ता’. पुरुषांतही ‘तो’ किंवा ‘दो’ने सुरू होणाऱ्या नावांआधी आखूड रूप चालत नाही, तिथे पूर्ण ‘सान्तो’ लागतं: सान्तो तोमास, सान्तो दोमिंगो, सान्तो तोरिबियो. कुठे ‘सान दोमिंगो’ दिसलं तर मजकूर इंग्रजीतून किंवा जुन्या नकाशावरून उचललेला असण्याची शक्यता मोठी. तिथे एक खड्डाही आहे. सान्तो दोमिंगो ही डॉमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी, तर सें-दोमेंग ही त्याच बेटावरची फ्रेंच वसाहत, म्हणजे आजचा हैती. १७९१ च्या गुलामांच्या उठावाबद्दल वाचत असाल तर विषय हैतीचा आहे.

आता ‘सान्ता’ दिसलं म्हणजे संतीणबाई असणारच असं नाही. सान्ता फे म्हणजे पवित्र श्रद्धा, सान्ता क्रूस म्हणजे पवित्र क्रूस. या नावांची कुणी बाई होऊन गेली नाही. सान साल्वादोर म्हणजे तारणहार, खुद्द ख्रिस्त. क्युबातलं सान्क्ती स्पिरितुस तर लॅटिनमध्येच राहून गेलंय, अर्थ पवित्र आत्मा. यांच्या ‘संताचं चरित्र’ शोधत बसलात तर दिवस फुकट जाईल.

तिसरी शक्यता आडनावाची, आणि सगळ्यांत जास्त फसगत तिथेच होते. अर्जेंटिनात सान मार्तिन नावाचा चौक, रस्ता, शाळा, गाव दिसलं की तो बहुतेक वेळा स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती जनरल होसे दे सान मार्तिन यांचा असतो, फ्रान्समधल्या तूरच्या संत मार्तिनचा नव्हे. पेरूतला सान मार्तिन विभागही जनरलच्याच नावाचा. पण त्याच पेरूत, लिमामधला सान मार्तिन दे पोर्रेस हा भाग मात्र खरोखर संताचा, १९६२ साली संतपद मिळालेल्या लिमाच्याच मार्तिनचा. आणि ब्युनोस आयर्स शहराचा आश्रयदाता संत कोण? तूरचाच मार्तिन. म्हणजे जनरलच्या पुतळ्यांनी भरलेल्या शहरावर कृपाछत्र दुसऱ्याच मार्तिनचं.

एक वाक्य हातात घेऊन सोडवून बघू: ‘३ फेब्रुवारी १८१३ रोजी सान मार्तिनने सान्ता फेमध्ये सान लोरेन्सो इथे, सान कार्लोसजवळ लढाई जिंकली.’ चार नावं, चार प्रकार. सान मार्तिन हे माणसाचं आडनाव. सान्ता फे हा प्रांत, आणि त्याच्या नावात संत नाही. सान लोरेन्सो हे गाव, संत लोरेन्सोवरून. सान कार्लोस हा तिथला फ्रान्सिस्कन मठ. भाषांतरात ‘प्रांत’, ‘गाव’, ‘मठ’ आणि ‘जनरल’ हे चार शब्द स्वतःहून घातले नाहीत तर वाचकाला चार साधू भेटल्यासारखं वाटेल.

आडनाव ओळखायची एक सोपी खूण म्हणजे शब्द जोडलेले असणं. सान्तामारिया, सान्ताना, साम्पेद्रो, सानहुआन अशी एकसंध लिहिलेली नावं बहुधा माणसांची. कोस्टा रिकाच्या मुख्य विमानतळाला हुआन सान्तामारियाचं नाव आहे. तो १८५६ च्या लढाईत मेलेला सैनिक, मेरी मातेशी त्या विमानतळाचा संबंध नाही. खूण पक्की नाही हेही लक्षात ठेवा: सान मार्तिन स्वतः तोडून लिहितात, आणि मेक्सिकोचा जनरल सान्ता आन्नाही.

याच्या उलट, संत असून न दिसणारी नावं. स्पेनमधल्या सान्तान्देरच्या पोटात संत एमेतेरियो आहे, सान्तियानामध्ये सान्ता हुलियाना, साआगुनमध्ये सान फाकुन्दो. सान्तियागो हे तर याचं मूळ उदाहरण: ‘सान्त’ आणि ‘यागो’ एकमेकांना चिकटले. म्हणून ‘सान सान्तियागो’ लिहिणं म्हणजे ‘संत संत याकोब’ म्हणणं. बास्क भाषेत ‘दोने’ हा संतवाचक शब्द आहे, त्यामुळे दोनोस्तिया आणि सान सेबास्तियान ही एकाच शहराची दोन नावं, दोन्ही अधिकृत.

सान्तान्देरची गंमत पुढे वाढते. स्पेनमधलं शहर संतावरून. कोलंबियातला सान्तान्देर विभाग मात्र फ्रान्सिस्को दे पाउला सान्तान्देर या नेत्यावरून. बँक पुन्हा शहरावरून, १८५७ साली तिथेच सुरू झाली म्हणून. एकाच शब्दाच्या तीन वाटा, आणि मुळाशी गेलात तर तिन्ही त्याच संत एमेतेरियोपाशी पोचतात, कारण नेत्याचं आडनावही त्याच गावावरून आलेलं.

शेपूट वाचायचं कसं

जुन्या वसाहतींची पूर्ण नावं लांबलचक असतात. पुढे संत, मागे ‘दे’, ‘देल’, ‘दे ला’, ‘दे लोस’ (म्हणजे आपलं ‘चा’, ‘ची’, ‘चे’) आणि मग शेपूट. शेपटाचे तीन प्रकार पडतात आणि ते वेगळे करता आले पाहिजेत.

पहिलं शेपूट संताचंच असतं. सान आन्तोनियो दे पादुआ, सान हुआन दे दियोस, सान्तो दोमिंगो दे गुस्मान. इथे पादुआ हे गावाचं नाव समजून नकाशात शोधलंत तर इटलीत पोचाल. दुसरं शेपूट जागेचं: सान्तियागो दे काली, सान फ्रान्सिस्को दे कितो, सान हुआन दे पास्तो. यात बहुधा स्थानिक, मूळनिवासी नाव टिकून राहिलेलं असतं आणि रोजच्या बोलण्यात तेच उरतं. लोक काली म्हणतात, कितो म्हणतात, काराकास म्हणतात. ‘सान्तियागो दे लेओन दे काराकास’ फक्त समारंभात. तिसरं शेपूट माणसाचं, मागाहून जोडलेलं. मेक्सिकोतलं सान मिगेल दे आयेन्दे आधी सान मिगेल एल ग्रान्दे होतं, १८२६ साली इग्नासियो आयेन्देचं नाव लागलं. सान क्रिस्तोबाल दे लास कासासमधलं ‘लास कासास’ म्हणजे बिशप बार्तोलोमे दे लास कासास. शब्दशः ‘घरांचा संत क्रिस्तोबाल’ असं भाषांतर करण्याचा मोह आवरा.

‘दे’ आणि ‘देल’ यांत ढिलाई चालत नाही. सान्तियागो देल एस्तेरो, सान होसे देल काबो, सान हुआन देल रियो ही बरोबर. पण सान होसे दे मायो. शोधयंत्रात चुकीचा प्रत्यय टाकला की भलतंच गाव वर येतं.

शेपूटच नसेल तर? तर लिहिणाऱ्याने ते गृहीत धरलंय. चिलीच्या वर्तमानपत्रात नुसतं ‘सान्तियागो’ म्हणजे राजधानी. स्पेनमधल्या गालिसियातल्या वर्तमानपत्रात तेच कोम्पोस्तेला. पूर्व क्युबात तेच सान्तियागो दे कुबा, डॉमिनिकन प्रजासत्ताकात सान्तियागो दे लोस कावायेरोस, पनामात बेराग्वास प्रांतातलं गाव. म्हणून मजकूर कुठे छापला गेला, हे मजकुराआधी बघायचं. वृत्तसंस्थेच्या बातमीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण ती एका देशात लिहिली जाते आणि दुसऱ्यात वाचली जाते.

तिथल्या माणसाला काय म्हणतात

मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ लावला की काम भागतं. स्पॅनिशमध्ये प्रत्येक गावाचा प्रत्यय वेगळा, आणि हीच आपल्या हातातली सगळ्यांत धारदार सुरी. सान्तियागोचंच बघा. चिलीतला तो सान्तियागिनो. क्युबातला सान्तियागेरो. अर्जेंटिनातल्या सान्तियागो देल एस्तेरोचा सान्तियागेन्यो. कोम्पोस्तेलाचा सान्तियागेस किंवा कोम्पोस्तेलानो. बातमीत शहराचं नाव अर्धवट असलं तरी ‘सान्तियागेन्यो गायक’ एवढं दिसलं की बहुधा अर्जेंटिना, चिलीला फोन करायची गरज नाही. फक्त ‘सान्तियागेरो’ क्युबात आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातही चालतं, तिथे दुसरी खूण शोधावी लागते.

बाकीच्यांचंही असंच. प्वेर्तो रिकोच्या सान हुआनचा माणूस सानहुआनेरो, अर्जेंटिनातल्या सान हुआनचा सानहुआनिनो. मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीचा पोतोसिनो, पण अर्जेंटिनातल्या सान लुईसचा चक्क पुन्तानो, कारण त्या शहराचं जुनं नाव सान लुईस दे ला पुन्ता. बोलिव्हियातल्या सान्ता क्रूस दे ला सिएर्राचा क्रुसेन्यो, अर्जेंटिनातल्या सान्ता क्रूस प्रांताचा सान्ताक्रुसेन्यो. सान्ता फे प्रांतातला सान्ताफेसिनो. सान्ताफेरेन्यो दिसलं तर कोलंबियातला जुना बोगोता, कारण ते शहर आधी सान्ताफे होतं. सान्तान्देरिनो स्पेनचा, सान्तान्देरेआनो कोलंबियाचा. होंडुरासमधल्या सान पेद्रो सुलाचा सांपेद्रानो. सान सेबास्तियानचा दोनोस्तियार्रा, जो शब्द बास्क नावावरून आलाय आणि ज्यात ‘सेबास्तियान’चा मागमूस नाही. सान क्रिस्तोबाल दे लास कासासच्या माणसाला कोलेतो म्हणतात, त्याचं तर कुठल्याच भागाशी साम्य नाही.

होसेफिनो म्हटलं की कोस्टा रिका डोळ्यांसमोर येतो, आणि बहुतेकदा ते बरोबरच ठरतं. पण उरुग्वेतल्या सान होसेचे लोकही होसेफिनो म्हणवतात. तिथे त्यांचं दुसरं नाव मारागातो, आणि ते सापडलं की शंका मिटली.

भोवतालचे शब्द

प्रत्येक देशाची कारभाराची उतरंड वेगळी, त्यामुळे गावाच्या नावाशेजारी आलेला साधा सरकारी शब्द देश सांगून जातो. ‘कोमुना’ आणि ‘रेहियोन’ एकत्र आले तर चिली. ‘कान्तोन’ असेल तर कोस्टा रिका किंवा एक्वादोर. ‘कान्तोन’खाली ‘पारोकिया’ असेल तर एक्वादोर, ‘दिस्त्रितो’ असेल तर कोस्टा रिका. ‘पार्तिदो’ म्हणजे ब्युनोस आयर्स प्रांत. ‘एस्तादो’ म्हणजे मेक्सिको किंवा व्हेनेझुएला. ‘देपार्तामेन्तो’वर मात्र विसंबू नका: कोलंबिया, पेरू, बोलिव्हिया, उरुग्वे, पॅराग्वे, होंडुरास, एल साल्वादोर अशा अनेक देशांत तो सर्वांत मोठा विभाग, आणि अर्जेंटिनात तोच प्रांताखालचा तुकडा.

नगराध्यक्षाला काय म्हटलंय तेही पाहा. ‘प्रेसिदेन्ते मुनिसिपाल’ मेक्सिकोचा. ‘इन्तेन्देन्ते’ अर्जेंटिना किंवा पॅराग्वेचा. उरुग्वेतही इन्तेन्देन्ते असतो, पण त्याच्या हाताखाली अख्खा विभाग असतो, म्हणून तिथे ‘महापौर’ लिहिणं चूक. ‘आल्काल्दे’ बाकी बऱ्याच ठिकाणी, म्हणून निरुपयोगी. पैशाचंही असंच: कोलोन आला तर कोस्टा रिका, लेम्पिरा आला तर होंडुरास, ग्वारानी आला तर पॅराग्वे. पेसोने काहीच कळत नाही, बऱ्याच देशांचं चलन तेच.

शहर आणि प्रांत यांची गफलतही इथेच होते. अर्जेंटिनातल्या सान्ता क्रूस प्रांताची राजधानी रियो गायेगोस आहे, सान्ता क्रूस नावाचं शहर नव्हे. कोलंबियाच्या सान्तान्देरची राजधानी बुकारामांगा. पेरूच्या सान मार्तिनची मोयोबाम्बा. सान हुआन आणि सान लुईस या अर्जेंटिनी प्रांतांत मात्र राजधानीचं नावही तेच. ‘सान हुआनमध्ये भूकंप’ असं आलं तर शहर की प्रांत, हे मूळ मजकुरात शोधूनच लिहा.

विमानतळांच्या सांकेतिक अक्षरांत एका अक्षराचा फरक असतो आणि तोच महाग पडतो. एसजेओ कोस्टा रिका, एसजेसी कॅलिफोर्निया, एसजेयू प्वेर्तो रिको, एसजेडी मेक्सिकोतलं सान होसे देल काबो. सान्तियागोंपैकी एससीएल चिली, एससीयू क्युबा, एससीक्यू कोम्पोस्तेला, एसटीआय डॉमिनिकन प्रजासत्ताक. तिकीट काढताना शहराचं नाव टंकून पहिला पर्याय निवडायचा नाही, ही तीन अक्षरं वाचून निवडायचा.

आणि वाहाका. मेक्सिकोतल्या या एका राज्यात ५७० नगरपालिका आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या पुढे संत आणि मागे मूळनिवासी भाषेतलं नाव. इथे शेपूटही पुरत नाही. सान हुआन मिस्तेपेक दोन आहेत, सान पेद्रो मिस्तेपेकही दोन. म्हणून देशाच्या सांख्यिकी संस्थेच्या यादीत त्यांच्यापुढे जिल्ह्याचा क्रमांक लिहितात: सान हुआन मिस्तेपेक, जिल्हा ०८ आणि जिल्हा २६, सान पेद्रो मिस्तेपेक, जिल्हा २२ आणि जिल्हा २६. म्हणजे जिल्हा २६ मध्ये दोन्ही मिस्तेपेक आहेत, फरक फक्त संताचा. पुएर्तो एस्कोन्दिदो हे समुद्रकिनाऱ्याचं प्रसिद्ध गाव जिल्हा २२ च्या सान पेद्रो मिस्तेपेकशी जोडलेलं आहे, २६ च्या डोंगरातल्या गावाशी नाही. अशा ठिकाणी नाव सोडून आकड्यांवर जावं. मेक्सिकोत राज्याचे दोन अंक (वाहाकाचे २०), नगरपालिकेचे तीन, वस्तीचे चार. स्पेन आणि कोलंबियात नगरपालिकेचा संकेत पाच अंकी, पेरूत ‘उबिहेओ’ नावाचा सहा अंकी. तक्त्यात नोंदी करत असाल तर हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा आणि तो आकडा म्हणून साठवू नका, मजकूर म्हणून साठवा. नाहीतर संकेताच्या सुरुवातीचं शून्य उडतं आणि स्पेनचे पहिले नऊ प्रांत बिघडतात.

जुने कागद असतील तर नाव त्या साली काय होतं तेही तपासावं लागतं. सोळाव्या शतकाच्या आरंभी सान हुआन बाउतिस्ता हे बेटाचं नाव होतं आणि प्वेर्तो रिको हे बंदराचं. पुढे दोन्हींची अदलाबदल झाली. सान्तो दोमिंगो १९३६ ते १९६१ या काळात हुकूमशहाच्या नावाने सिउदाद त्रुहियो होतं, त्या काळातले पासपोर्ट आणि शिक्के तसेच सापडतील. मेक्सिकोतलं बियाएर्मोसा १९१६ पर्यंत सान हुआन बाउतिस्ता. शिवाय जुन्या हस्ताक्षरात संक्षेप: ‘एसएन’ म्हणजे सान, ‘एसटीए’ सान्ता, ‘एसटीओ’ सान्तो, ‘एसटीजीओ’ सान्तियागो, ‘एफसीओ’ फ्रान्सिस्को. ‘एसटीए’ आणि ‘एसटीओ’ यांतलं शेवटचं अक्षर पुसट असेल तर पुढच्या नावाचं लिंग बघून ठरवा.

संत तरी कुठला?

हे सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच. नुसत्या ‘सान हुआन’मागे बाप्तिस्मा देणारा योहान असू शकतो (२४ जून), शुभवर्तमानकार योहान असू शकतो (२७ डिसेंबर), किंवा हुआन दे दियोस (८ मार्च). ‘सान आन्तोनियो’ म्हटलं तर पादुआचा (१३ जून) की आबाद, म्हणजे मठपती (१७ जानेवारी)? ‘सान फ्रान्सिस्को’ असिसीचा (४ ऑक्टोबर), हाविएर (३ डिसेंबर), की पाउलाचा (२ एप्रिल)? सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे गावच्या जत्रेची तारीख. गावात १७ जानेवारीला जनावरांना आशीर्वाद देत असतील तर तो पादुआचा आन्तोनियो नव्हेच.

वसाहतकारांना संतदिन पाहून नाव ठेवायची सवय होती. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला १६९१ साली १३ जूनला पोचले म्हणून ते नाव. काली १५३६, सान्तियागो देल एस्तेरो १५५३, काराकास १५६७, या तिन्हींची स्थापना २५ जुलैची मानतात आणि तो सान्तियागोचा सण. पण याचा नियम करू नका. चिलीतलं सान्तियागो १२ फेब्रुवारी १५४१ ला वसलं, त्या दिवशी सान्तियागोचा काही संबंध नव्हता.

तारखा जुळवताना आजची संतदिनदर्शिका वापरली तर गाडी घसरते. १९६९ साली कॅथलिक चर्चने बऱ्याच तारखा हलवल्या. प्रेषित तोमास २१ डिसेंबरवरून ३ जुलैवर आला, तोमास दे आकिनो ७ मार्चवरून २८ जानेवारीवर, दोमिंगो दे गुस्मान ४ ऑगस्टवरून ८ ऑगस्टवर. जुन्या नोंदीला जुनी दर्शिकाच लावायची. १५८२ च्या ऑक्टोबरात तर स्पेनमध्ये ४ तारखेनंतर थेट १५ उजाडली, त्याच्या आधीच्या तारखांचा वार मोजताना हे विसरू नये.

काही जोड्या मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. इसिद्रो हा माद्रिदचा शेतकरी संत (१५ मे), इसिदोरो हा सेव्हियाचा विद्वान बिशप. सान दिएगो म्हणजे आल्कालाचा दिएगो, सान्तियागो नव्हे, जरी दोन्ही नावांचं नातं जोडलं जात असलं तरी. सान लुईस बहुतेकदा फ्रान्सचा राजा नववा लुई, सान फेर्नान्दो हा कास्तिलचा राजा तिसरा फेर्नान्दो. दोघेही राजे, दोघेही संत.

वस्तू, जहाजं, हवामान

स्पॅनिशमधला उपपद शब्द इथे कामाला येतो. शहराच्या नावाआधी सहसा ‘एल’ किंवा ‘ला’ लागत नाही. ‘एल सान होसे’ दिसलं की जहाज समजा, ‘एल सान हुआन’ म्हणजे बहुधा नदी, ‘एल सान्तान्देर’ म्हणजे बँक. ‘सान लोरेन्सो जिंकलं’ असं क्रीडापानावर असेल तर ब्युनोस आयर्सचा १९०८ साली स्थापन झालेला फुटबॉल संघ. त्याला कावळे म्हणतात, आणि ते टोपणनाव संघाला आसरा देणाऱ्या पाद्री लोरेन्सो मासा यांच्या काळ्या झग्यावरून आलेलं.

हवामानात संत म्हणजे तारीख. स्पेनमध्ये ‘सान मिगेलचा छोटा उन्हाळा’ २९ सप्टेंबरच्या आसपास, ‘सान मार्तिनचा’ ११ नोव्हेंबरच्या. अर्जेंटिनात ‘सान हुआनचा छोटा उन्हाळा’ जूनच्या अखेरीला येतो, कारण तिथे तेव्हा हिवाळा असतो. दक्षिण गोलार्ध विसरलात तर वाक्याचा अर्थच लागणार नाही. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यामधल्या रियो दे ला प्लाताच्या दोन्ही काठांवर ३० ऑगस्टच्या सुमाराचं वादळ ‘सान्ता रोसाचं’. ‘सान लोरेन्सोचे अश्रू’ म्हणजे ऑगस्टमधला उल्कावर्षाव. ‘सान तेल्मोची आग’ जहाजाच्या डोलकाठीवर दिसणारी विजेची निळी झळाळी, तर ‘सान आन्तोनची आग’ हा बुरशी लागलेल्या धान्यातून होणारा रोग. दोन्ही ‘आगी’, दोन्ही बातमीच्या आगीच्या रकान्यात टाकायच्या नाहीत. ‘सान हुआनची वनस्पती’ म्हणजे औषधी हायपेरिकम, ‘सान आन्तोनियोची गाय’ म्हणजे अर्जेंटिनातला ठिपक्यांचा लाल भुंगेरा, आणि ‘सान पेद्रो’ हे अँडीजमधलं निवडुंग, स्वर्गाच्या किल्ल्या बाळगणाऱ्या संताच्या नावाचं.

जोडून लिहिलेले शब्द आणि वाक्प्रचार पुन्हा निराळे. ‘सान्ताबार्बारा’ एकसंध म्हणजे जहाजातलं दारूगोळ्याचं कोठार, कारण तोफखान्याची रक्षक ती. ‘साम्बेनितो’ म्हणजे धर्मन्यायालय दोषीला घालायला लावायचं ते वस्त्र, आज अर्थ ‘माथी मारलेला कलंक’. ‘सान्तो इ सेन्या’ म्हणजे पहारेकऱ्याचा परवलीचा शब्द. तिन्हींचं भाषांतर करताना संत आणायचाच नाही.

खाण्यापिण्यात दोन सांगतो. ‘सान्तियागोचा केक’ हा गालिसियातला बदामाचा, वर साखरेत उमटवलेला क्रूस. संरक्षित नाव लावायचं तर त्यात किमान ३३ टक्के बदाम लागतो. चिलीशी त्याचा संबंध नाही. आणि ‘सान मिगेल’ बिअर दोन कंपन्यांची आहे: एक फिलिपिन्सची, १८९० साली मनिलाच्या सान मिगेल भागात सुरू झालेली, दुसरी स्पेनमधली आणि आता स्वतंत्र. व्यापारपानावर नफ्यातोट्याचे आकडे देताना कुठली ते पाहून घ्या.

मराठीत उतरवताना

स्पॅनिशमध्ये ‘सान’ लहान अक्षराने सुरू होत असेल तर लेखक माणसाबद्दल बोलतोय, मोठ्या अक्षराने असेल तर गाव, चर्च, सण. मराठीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून हा फरक शब्दाने दाखवा: माणूस असेल तर ‘संत’, जागा असेल तर ‘सान’. ‘संत होसे शहरात’ कधीच नको. सूची करताना गावं ‘स’खाली जातील, संत आपापल्या नावाखाली.

उच्चारात मिगेल लिहा, मिगुएल नव्हे. तिथला ‘यू’ मुका आहे. होसे, हुआन, होर्हे यांत ‘ज’ नाही. क्रूसमधला शेवटचा वर्ण लॅटिन अमेरिकेत ‘स’, स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागात ‘थ’सारखा, पण कानारी बेटांवर स्पेन असूनही ‘स’च बोलतात, म्हणून सान्ता क्रूस दे तेनेरिफे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधली रुळलेली रूपं, सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो, आहेत तशीच राहू द्या. त्यामुळे एक फायदाही होतो: मजकुरात ‘सॅन’ म्हणजे अमेरिका आणि ‘सान’ म्हणजे स्पॅनिश बोलणारा देश, असा भेद आपसूक पडतो. ‘साँव’ असेल तर पोर्तुगीज, म्हणजे बहुधा ब्राझील. ‘सान्त’ असेल तर काटालोनियाच्या बाजूचं, जसं सान्त जोर्दी. सान मारिनो आणि सानरेमो इटलीकडची, त्यांच्या मागे स्पॅनिश शेपूट शोधू नका. फिलिपिन्समध्ये मात्र नावं स्पॅनिश, पण आघातचिन्ह गायब. तिथे सान फेर्नान्दो नावाची शहरंच दोन आहेत, एक पाम्पांगात, एक ला उनियोनमध्ये, आणि प्रांत लिहिल्याशिवाय दोन्ही निरर्थक.

पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि देश, पुढे आखूड नाव. एकाच लेखात दोन सान्तियागो आले तर आखूड नाव दोघांनाही द्यायचं नाही, शेवटच्या ओळीपर्यंत शेपूट चालवायचं.